हापशाचा दांडा आणि हातातला मोबाईल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरसाल या दिवशी कोणी शिकलेल्या बाई बाहेरून येतात, चांगले बोलतात आणि आपण ऐकून घरी जातो. यंदा घरच्याच कोणीतरी बोलावे असे ठरले आणि ते माझ्या गळ्यात पडले. मी तर रांगोळीचे काम मागितले होते. असो. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, तेव्हा पुस्तकातले काही सांगण्यापेक्षा ज्यांच्याशी माझा दिवसाकाठी झगडा चालतो त्या यंत्रांविषयीच बोलते.

माझा धाकट्या दिरांचा मुलगा पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. मोबाईलवर आपण जे बोटाने दाबतो, ते दाबल्यावर आत काय व्हावे हे लिहिण्याचे त्याचे काम. गेल्या दिवाळीत तो चार दिवस आमच्याकडे राहिला आणि आमच्या दोघांत जे बोलणे झाले त्यातूनच हे भाषण निघाले आहे. पण त्याआधी मला हापशाची गोष्ट सांगितली पाहिजे.

आमच्या सासूबाईंचे माहेर इंदापूर तालुक्याच्या जिरायत भागातले. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. दुष्काळी कामावर खडी फोडली, मातीच्या पाट्या वाहिल्या, सुकडी खाऊन दिवस काढले. पुढे गावात बोअर घेतला आणि हापसा बसला. सगळ्या गावाला आनंद झाला. दोन-तीन महिन्यांत त्याचा दांडा मोडला. दुरुस्त करून गेले, पुन्हा मोडला. पाहणी करायला आलेल्या माणसाने काय सांगावे? "बायका दांडा आपटतात, म्हणून मोडतो." सासूबाई हे अजून सांगतात आणि अजून चिडतात. म्हणतात, "पाणी काढायचं म्हणजे दांडा मारायचाच की. का त्याला ओवाळायचं?"

पुतण्याला मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा त्याने त्या हापशांची सारी हकिकत शोधून मला वाचून दाखवली. त्या काळी बसवलेले पहिले हापसे बिडाचे होते आणि ते युरोप-अमेरिकेतल्या हापशांवरून घेतलेले होते. तिकडे असा पंप एका घराच्या अंगणात असे. एक कुटुंब दिवसातून चार-पाच वेळा पाणी काढणार, एवढाच त्याच्यावर भार. आपल्याकडे तोच पंप गावाच्या मधोमध रोवला. पहाटेपासून रात्रीपर्यंत घागरींची रांग, आणि पाणी तर किती खोल! तो मोडणारच. बायकांचा त्यात काडीचा दोष नव्हता. ज्याने तो पंप घडवला त्याच्या डोळ्यांपुढे आमची रांगच नव्हती.

ही अडचण दूर झाली ती आपल्या शेजारीच. जालन्याला मिशनच्या मंडळींनी पोलादी पंप करून पाहिला. मग आपल्या इंदापूरच्या पलीकडे सोलापूरला त्यात आणखी सुधारणा झाली. दांड्याला साखळी लावली, म्हणजे आतली सळई सरळ वर-खाली व्हावी, वाकडी ओढली जाऊ नये. फिरण्याच्या जागी बंद बॉलबेअरिंगे बसवली. दांडा भरीव आणि जड केला, म्हणजे आतल्या सळयांचे वजन तोलले जाऊन बाईच्या हाताला कमी जोर लागावा. या सोलापूर पंपावरूनच सरकार, युनिसेफ आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी यांनी मिळून १९७० नंतरच्या दशकात 'इंडिया मार्क टू' हा हापसा तयार केला. आपण सगळ्याजणी लहानपणी ज्या दांड्याला लोंबकळलो तो हाच. पुढे तो परदेशांतही गेला.

तरी त्यातही एक खोट राहिली होती. आतल्या दट्ट्याचे वायसर झिजले की सगळे पाईप वर ओढून काढावे लागत. त्याला गाडी, अवजारे, चार-पाच गडी लागत आणि ते येईपर्यंत गाव कोरडे. म्हणून पुढच्या 'मार्क थ्री'त पाईपच मोठ्या तोंडाचा केला, म्हणजे पाईप जागेवर ठेवून दट्ट्या त्यातूनच वर घेता यावा. १९९० नंतर उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात खेड्यातल्या बायका हापसे दुरुस्त करायला शिकल्या. ज्यांच्यावर दांडा आपटल्याचा ठपका होता त्यांच्याच हातात पान्हा आला.

आता मोबाईलकडे येते.

दिवाळीच्या आधी सासूबाईंना घेऊन मी एका ठिकाणी गेले होते. ठिकाणाचे नाव घेत नाही, तिथल्या माणसाचा त्यात दोष नव्हता. सासूबाईंच्या नावाचे जे मिळायचे होते ते अंगठा लावल्याशिवाय मिळणार नव्हते. यंत्राच्या काचेवर त्यांनी अंगठा ठेवला. उमटेना. पुसून ठेवला, उमटेना. दहाही बोटे झाली. पदराला तेल लागले असेल म्हणून हात धुऊन आल्या, तरी नाही. मागे रांग वाढलेली. कोणीतरी म्हणाले, "आजी, नीट दाबा की." शेवटी यंत्रावर लाल अक्षरे आली, 'प्रमाणीकरण अयशस्वी'.

सासूबाईंना अक्षरओळख आहे, लावून वाचतात. त्यांनी ते वाचले आणि मला हळूच विचारले, "अयशस्वी म्हणजे नापास ना गं?"

त्या दिवशी आम्ही रिकाम्या हाताने परत आलो. येताना रिक्षात त्यांनी दोन्ही हात पदराखाली धरले होते. घरी आल्यावर म्हणाल्या, "माझीच बोटं झिजली, त्याला यंत्र काय करील?" भगिनींनो, ती बोटे कशाने झिजली? खडी फोडून, उसात खुरपून, राखेने भांडी घासून. पन्नास वर्षे ज्या कामाने घर उभे राहिले, त्याच कामामुळे यंत्र त्यांना ओळखेनासे झाले. मला त्या रात्री झोप लागली नाही. मिळायचे होते ते पुढे मिळाले. त्यांनी पदराखाली धरलेले हात मात्र डोळ्यांपुढून जाईनात.

पुतण्या आला तेव्हा मी त्यालाच धारेवर धरले. तो म्हणाला, "काकू, तो प्रोग्रॅम मी लिहिलेला नाही." मी म्हटले, "तुझ्याच भाऊबंदांनी लिहिलाय ना?" मग तो आजीजवळ जाऊन बसला आणि तिचा हात हातात घेऊन पाहत राहिला. बराच वेळ काही बोलला नाही.

नंतर त्याने मला समजावून सांगितले. कष्टकऱ्यांची आणि म्हाताऱ्या माणसांची बोटे उमटत नाहीत हे यंत्रवाल्यांना ठाऊक झालेले आहे. म्हणून बोटाऐवजी डोळ्याने किंवा चेहऱ्याने ओळख पटवण्याची सोय केली. पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला २०१४ पासून असा यंत्रावर निघू लागला, आधी बोटावर किंवा डोळ्यावर, आणि २०२१ पासून चेहऱ्यावरही. म्हणजे उपाय आहे. पण ज्या दारात आपण उभ्या असतो तिथे तो असला पाहिजे आणि तिथल्या माणसाला तो माहीत पाहिजे. मी म्हटले, "ते राहू दे, आधी मला सांग, 'अयशस्वी' हा शब्द कोणी लिहिला? 'यंत्राला बोट वाचता आले नाही' असे लिहायला काही जास्त पैसे पडतात का?" त्याने खिशातून वही काढून ते लिहून घेतले. मला वाटले थट्टा करतो आहे, पण खरेच लिहून घेतले.

मग त्याने आपले स्वतःचे काम दाखवायला काढले. त्याची कंपनी दूध घालणाऱ्यांसाठी काहीतरी करते आहे. सकाळी डेअरीवर किती लिटर घातले, फॅट किती लागली, एसएनएफ किती, दर काय बसला, हे सगळे मोबाईलवर दिसावे. कल्पना चांगली. बारामती-इंदापुरात घरोघर गाई आहेत आणि दुधाच्या पैशावर किती घरांचा किराणा चालतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण त्याने मोबाईल माझ्या हातात दिला तेव्हा मी धार काढून उठले होते. हात ओला. ओल्या बोटाला पडदा दाद देईना, भलतेच काहीतरी उघडले. पदराला हात पुसून पाहिले तर वरच्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा. मी विचारले, "ह्या कसल्या रे रेघा?"

"त्यात सगळं आहे, काकू."

"मी स्वयंपाकघरातल्या डब्यावर 'सगळं' असं लिहून ठेवते का? हळदीच्या डब्याला हळद म्हणते."

खाली एक बटन, त्यावर 'सादर करा'. आमच्या घरात कोणी काही सादर करत नाही. पाठवतात किंवा देतात. चुकले तर लाल अक्षरे आणि पुन्हा पहिल्यापासून भरा. हिशोब वाचायचा तर अक्षर मुंगीएवढे. तो म्हणाला, "आमच्या ऑफिसात सगळ्यांना नीट दिसतं." मी म्हटले, "तुमच्या ऑफिसात पहाटे पाच वाजता अंधारात कोणी गाय पिळतं का?"

रागावला नाही, हे त्याचे चांगले. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून माझ्याबरोबर गोठ्यात आला आणि मग डेअरीवर. रांगेत नुसता उभा राहून पाहत होता. कोणाचा हात शेणाचा, कोणाच्या कडेवर मूल, कोणाचा चष्मा घरी. किती तरी बायकांच्या घरी मोबाईल एकच आणि तो मालकांबरोबर रानात गेलेला. परत येताना म्हणाला, "काकू, दूध तुम्ही घालता, आणि हिशोबाचा निरोप काकांच्या मोबाईलवर जातो, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं." मला तरी कुठे ते खटकत होते? सवय झालेली.

त्याला मी कुकरचे उदाहरण दिले. आपण दुसऱ्या खोलीत असू, हात पिठात असेल, वाचता येत नसेल, तरी शिट्टी कळते. तसे माप झाल्याबरोबर लिटर आणि फॅट मोठ्याने मराठीत बोलून दाखवले तर? तो म्हणाला, जमेल.

आता कोणी म्हणेल, यंत्र इंग्रजांचे, त्याला आपली भाषा आणि आपली रीत कुठून कळणार? याला उत्तर आहे. सव्वीस अक्षरांसाठी घडलेल्या संगणकात आपली लिपी बसवणे सोपे नव्हते. पहिली वेलांटी उच्चारात नंतर, पण लिहिण्यात आधी. जोडाक्षरे तर विचारूच नका. कैक यंत्रांवर आचाऱ्यांचे आचार्य होत असत, म्हणजे लग्नात पोळ्या लाटायला विद्वान मंडळी! या कामात रघुनाथ कृष्ण जोशी यांनी लक्ष घातले. ते सुलेखनकार, पवईच्या आय.आय.टी.त शिकवीत. विंडोज २००० या संगणक-प्रणालीबरोबर आलेला 'मंगल' हा देवनागरी टाईप त्यांनी रेखलेला. २००८ साली ते गेले. बोरूने अक्षर काढणाऱ्या हाताला ठाऊक असते की वेलांटी कुठून वळते. तसा जाणता माणूस यंत्रवाल्यांच्या शेजारी बसला म्हणून सरकारी कचेऱ्यांतले कितीतरी मराठी कागद त्या अक्षरात निघाले. पुढे २०१७ मध्ये गूगलने मराठी बोललेले लिहून घेण्याची सोय केली. मी हे भाषण तसेच बोलून उतरवून घेतले. त्याने 'हापसा' तीन वेळा चुकीचा लिहिला, ते सोडून द्या.

आपल्या बारामतीतच कृषि विज्ञान केंद्राने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालवला आहे. ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचे हे काम, त्याला मायक्रोसॉफ्ट कंपनी आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांची साथ आहे. उपग्रहावरून पीक पाहतात, मातीतल्या यंत्रावरून ओल मोजतात आणि पाणी कधी, किती द्यावे ते मोबाईलवर सांगतात. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला तेव्हापासून आपल्या भागाची भांडणे पाण्यावरूनच आहेत, त्यामुळे थोड्या पाण्यात ऊस येत असेल तर मला आनंदच आहे. माझे विचारणे एवढेच, की खुरपायला आणि खत टाकायला सरीत जी बाई वाकलेली असते तिला तो निरोप कसा कळायचा? कोणी ओळखीचे तिथे असेल तर जरूर विचारावे.

आणखी एक सांगून आटोपते, चहा निवतो आहे. माझ्या नणंदबाईंना मोबाईलवर एक अर्ज भरायचा होता. त्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक द्या आणि त्यांच्या मोबाईलवर आलेला ओटीपी घाला, असे होते. नवरा वारला, वडीलही वारले. रकाना रिकामा ठेवला तर पडदा पुढे सरकेना. ती मला म्हणाली, "वहिनी, मी आता कोणाचं नाव घालू?" पुढे कागद नेऊन देण्याची वाट निघाली, पण ते आठ-दहा दिवस ती जेवली नाही नीट. हे मी पुतण्याला फोनवर सांगितले. तो म्हणाला, "काकू, आम्ही रकाना करताना विचार करतो की माणूस चुकीचं काय भरेल. भरायला कोणी उरलंच नसेल, हे आम्हाला सुचत नाही."

तर येत्या रविवारी दुपारी चार वाजता तो मंडळाच्या खोलीवर येणार आहे. दुधाचे ते काम त्याने पुन्हा नव्याने केले आहे म्हणतो आणि आपल्याकडून वापरून घेणार आहे. दूध घालणाऱ्या सगळ्याजणींनी यावे. आपापला मोबाईल आणावा, फुटक्या काचेचा असला तरी चालेल, तसाच हवा आहे त्याला. मुलगा घरचा आहे म्हणून 'छान आहे, छान आहे' म्हणू नका. जिथे अडेल तिथे अडले म्हणून सांगा. सासूबाई येणार आहेत. त्यांनी आतापासूनच सांगून ठेवले आहे, की अंगठा मागितलास तर काठीच आणीन.

आणि चष्मे विसरू नका.