मुलचेऱ्यात चहाची फ्रँचायझी चालंल का?



मागच्या आठवड्यात माझ्या मामेभावाचा मुलचेऱ्याहून फोन आला. म्हणे, "दादा, चहाच्या एका ब्रँडची फ्रँचायझी घेऊन राहिलो. बोर्ड, काउंटर, मसाला, सगळं कंपनी देते. आपण फक्त पैसे भरायचे." ते 'फक्त' ऐकून मी गाडी बाजूला घेतली. कारण हे पैसे म्हणजे मामांनी धानाची एक बांधी विकली, तिचे.

कंपनीचं नाव घेत नाही. पण त्याला हो-नाही सांगायच्या आधी मी जरा शोधलं, की खाण्यापिण्याची मोठी नावं नव्या जागी जातात तरी कशी?

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे हल्दीराम. मूळ दुकान बिकानेरचं. शिवकिसन अग्रवाल नागपूरला आले आणि इथला धंदा उभा राहिला. नमकीन, संत्रा बर्फी, मग बसून खायची हॉटेलं, मॉलमधले काउंटर, आणि नागपूर स्टेशनाजवळ तर रेल्वेच्या जुन्या डब्यातलं हॉटेल. आता विचार करा, यातलं मुलचेऱ्याला काय पोचलं? लडी. किराणा दुकानात खिळ्याला टांगलेली पाच-दहा रुपयांची भुजियाची पाकिटं.

नाव एकच, पण धंदे दोन. हॉटेलला आचारी लागतो, रोजचा ताजा माल लागतो, आणि दिवसभर येणारं गिऱ्हाईक लागतं. पाकिटाला खिळा लागतो. २०२५ मध्ये या घराण्याच्या दिल्ली आणि नागपूरच्या शाखांनी पाकिटांचा धंदा एकत्र केला, सिंगापूरच्या टेमासेकने त्यात हिस्सा घेतला. हॉटेलं मात्र त्या व्यवहाराबाहेर ठेवली. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या हिशेबातही ही दोन वेगळी खाती आहेत.

दुसरं उदाहरण मुंबईचं, जम्बोकिंग. धीरज गुप्तांनी २००१ मध्ये मालाड स्टेशनबाहेर वडापावचं छोटं दुकान टाकलं. आज बरीच दुकानं आहेत, फ्रँचायझीवर चालणारी, स्टेशनाच्या तोंडाशी, मेट्रोच्या आवारात. का? कारण गर्दी आधीच तिथं उभी आहे. लोकल सुटायला चार मिनिटं, भूक लागलेली, हातात धरून पळता येईल असं खाणं. गिऱ्हाईक गोळा करायचं काम रेल्वेनं फुकटात करून ठेवलंय.

आता मुलचेऱ्यात ते काम कोण करणार? रेल्वे नाही. तहसील, बँक, शाळा, एसटी आणि आठवडी बाजार, एवढ्यावर चालतं गाव.

मग आम्ही दोघांनी फोनवरच हिशेब मांडला. चहा दहा रुपये. कंपनीचा मसाला, दूध, साखर, गॅस, कप आणि कंपनीचा वाटा काढून हातात चार रुपये उरतात असं धरलं. भाडं, एक पोरगा, लाइट बिल मिळून महिन्याला चोवीस हजार. म्हणजे रोजचे आठशे, म्हणजे रोज दोनशे कप. आणि हे फक्त खर्च निघायला बरं का! मामांचे पैसे त्यात परत आलेच नाहीत अजून.

मी विचारलं, "बाजाराच्या दिवशी जातील का दोनशे?"
"जातील नं."
"अन् बाकीच्या दिवशी?"
तो गप्प.

पावसाळ्याचं तर मी काढलंच नव्हतं. नाल्यावरून पाणी गेलं की रस्ता बंद, कंपनीच्या मसाल्याची गाडी कुठं तरी अडकलेली. बाहेरचा मसाला वापरायचा नाही, अशी करारात अट आहे. मग त्या दिवशी विकायचं काय? बोर्ड?

मला खरं खटकलं ते हे, की चुकलं तर बुडतो कोण? दुकानदारानं भुजियाची लडी टांगली आणि ती खपली नाही, तर त्याचे शे-दोनशे रुपये अडकतात. फ्रँचायझी चालली नाही तर कंपनीचं एक दुकान कमी होतं, अन् मामांची बांधी जाते.

भाऊ चिडला. म्हणे, "तू नागपुरात बसून आम्हाले म्हणतं, की मोठं काही करू नका." थोडं बरोबर आहे त्याचं. तालुक्याच्या पोरांनी साध्या टपरीवरच समाधान मानावं, असं मला म्हणायचं नाही. पण आमच्याकडच्या बंगाली गावांतले हलवाई बघा. पूर्व पाकिस्तानातून आलेली ही माणसं, सोबत कुठला ब्रँड नव्हता, छेना करायची कला होती. रसगुल्ला तिथंच बनतो, तिथंच खपतो. मसाल्याच्या गाडीची वाट बघावी लागत नाही.

शेवटी त्याला तीनच प्रश्न लिहून दिले, कंपनीला विचारायला. मुलचेऱ्याएवढ्या गावात तुमची किती दुकानं चालू आहेत? त्यातली दोन वर्षं टिकलेली किती? त्यातल्या दोघांचे नंबर द्याल का? पहिल्याचं उत्तर आलं, "लवकरच सांगतो." पुढच्या दोनांचं अजून काही नाही. पैसे भरायची शेवटची तारीख मात्र रोज व्हॉट्सॲपवर येते.

तुमच्यापैकी कोणी तालुक्याच्या गावात फ्रँचायझी घेतली असंल, चाललेली असो की बंद पडलेली, तर व्हॉइस नोट पाठवा. रोज किती कप जातात, तेवढं नक्की सांगा. मी त्याला ऐकवतो.