विज्ञानकथा पडद्यावर चढताना



आज दुपारी मी कर्जत स्टेशनवर उतरलो तेव्हा माझ्या गाडीच्या मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी इंजिनं, लागत होते. तुम्हाला त्यात नवल नाही. तुमच्या आजोबा-पणजोबांनीही हे पाहिलं आहे. बोरघाटात दर सदतीस फुटांना एक फूट चढ आहे, आणि बहुतेक गाड्यांना, स्वतःचं इंजिन कितीही चांगलं असलं तरी, मागून रेटा लागतोच. फलाटावर उभं राहून ते बघताना मला वाटलं, आजचा विषय इथूनच सुरू करावा. कारण कादंबरी पडद्यावर जाते तेव्हा तिलाही घाटच चढायचा असतो, आणि लेखकाचं एकट्याचं इंजिन तिथे पुरत नाही.

लोकप्रिय विज्ञान-थरारकथेवर सिनेमा निघाला की चर्चा ठरलेली असते. पुस्तकातलं काय ठेवलं, काय गाळलं? हा प्रश्न मला फार दूर नेत नाही. विज्ञानकथेच्या पोटात एक 'जर' असतो. जर माणूस अदृश्य झाला, जर मेलेला प्राणी परत आणता आला, जर काळाची गती बदलली. पुढचा सगळा थरार म्हणजे त्या 'जर'चा 'तर'. वाचकाला तो 'जर' समजून घ्यायला वेळ मिळतो. पान उलटून मागे जाता येतं, पुस्तक मिटून विचार करता येतो. चित्रपटगृहात ही सोय नाही. म्हणून मी एवढंच विचारतो: तो 'जर' डोळ्यांना दिसला का?

'ज्युरासिक पार्क'चं उदाहरण घेऊ. मायकेल क्रायटनची कादंबरी 1990 साली आली, स्पिलबर्गचा चित्रपट 1993 साली. आपल्याकडे तो हिंदीत डब होऊन आला आणि इंग्रजीचा गंध नसलेल्या लाखो लोकांनी पाहिला. क्रायटन वैद्यकशास्त्र शिकलेला, शिवाय स्वतः चित्रपट दिग्दर्शित केलेला माणूस. पटकथेचा पहिला खर्डा त्यानेच लिहिला. तरीही पुढे डेव्हिड केप या पटकथाकाराला हात लावावा लागला. हाच तो बँकर.

कादंबरीत इयन माल्कम हा गणिती पानंच्या पानं बोलतो. गुंतागुंतीच्या रचनेत एक बारीक फरक पडला तरी शेवट कुठच्या कुठे जातो, हे त्याचं म्हणणं. पडद्यावर तेवढं भाषण कोण ऐकणार? तिथे तो सोबतच्या बाईंच्या हातावर पाण्याचा एक थेंब सोडतो. थेंब एका बाजूला ओघळतो. पुन्हा तिथेच सोडतो, तर आता दुसरीकडे वळतो. झालं! कित्येक पानांचा विचार एका थेंबात बसला. जनुकांचं शास्त्र सांगायला एक छोटंसं व्यंगचित्र वापरलं, तेही पर्यटकांना दाखवायची फिल्म म्हणून, म्हणजे गोष्टीच्या आतच. आणि तो पेल्यातल्या पाण्यावरचा तरंग तुम्हाला आठवत असेल. टी-रेक्स दिसण्याआधी त्याचं वजन दिसतं. तो तरंग उठवायला गाडीच्या डॅशबोर्डखाली गिटारची तार लावून छेडली होती. करोडोंच्या चित्रपटातला सगळ्यांत लक्षात राहिलेला क्षण एका तारेवर निघाला, हे आपल्याकडच्या निर्मात्यांनी लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

बदल झालेच. कादंबरीत उद्यानाचा मालक हॅमंड मरतो, चित्रपटात वाचतो. मला पुस्तकातला शेवट जास्त पटतो. लोभाची किंमत तिथे लोभी माणूसच चुकवतो. पण 'जर' शाबूत राहिला, म्हणून चित्रपट उभा राहिला.

आता घरी येऊ. एच. जी. वेल्सची 'द इन्व्हिजिबल मॅन' 1897 सालची. तिचा नायक अदृश्य होतो, पण कपडे दिसतात म्हणून त्याला थंडीत उघडं फिरावं लागतं, खाल्लेलं अन्न पचेपर्यंत पोटात दिसतं. त्या कल्पनेचा आपल्याकडचा नातू म्हणजे 1987 चा 'मिस्टर इंडिया'. त्या चित्रपटाने एक साधा नियम केला: अदृश्य नायक लाल प्रकाशात दिसतो. नियम पाच वर्षांच्या पोराला कळतो, आणि प्रत्येक लाल काचेला भीती चिकटते. इथून जवळच, खालापूर तालुक्यात, इमॅजिका हे मनोरंजन उद्यान सुरू झालं तेव्हा तिथल्या एका राइडला त्या चित्रपटाचं नाव होतं. चित्रपट जुना झाला, 'जर' जुना झाला नाही.

तुमच्या परिसरात आणखी एक गोष्ट आहे. कला दिग्दर्शक नितीन देसाई यांनी 2005 साली इथे चित्रपटाचा स्टुडिओ उभारला. 'जोधा अकबर'साठी आग्र्याचा किल्ला इथल्या माळावर उभा राहिला. 2023 च्या ऑगस्टमध्ये देसाई याच वास्तूत गेले; त्यांची आठवण काढल्याशिवाय कर्जतमध्ये सिनेमावर बोलू नये. त्यांच्या सुतारांनी, रंगाऱ्यांनी, मोल्डिंगवाल्यांनी दाखवून दिलं की मराठी हात कुठलंही शतक उभं करू शकतात. सोळावं शतक उभं राहिलं, तर बाविसावं का नाही? म्हणून 'आपल्याकडे साधनं नाहीत' हे मी मान्य करत नाही.

मग अडतं कुठे? एक उदाहरण देतो. सुजय डहाके यांनी मिलिंद बोकीलांच्या 'शाळा' कादंबरीवर चित्रपट केला. पुढे 2016 साली त्यांनी 'फुंतरू' हा विज्ञानपट केला. धाडसाचं काम होतं, मी त्याचा आदर करतो. पण कादंबरी एका चित्रपटात आणि विज्ञान दुसऱ्यात, अशी फारकत राहिली. नारायण धारपांच्या भयकथेची प्रेरणा घेऊन 'तुंबाड' 2018 साली झाला. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे 2017 साली पडद्यावर आला. भय आलं, साहस आलं. आपली छापील विज्ञानकथा मात्र अजून कपाटातच जास्त आहे.

या कपाटातलं मोठं नाव म्हणजे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर. ते 20 मे 2025 रोजी गेले. त्यांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. त्यांची 'वामन परत न आला' ही कादंबरी आजच्या यंत्रबुद्धीच्या गोंधळात पुन्हा वाचा. जमिनीतून निघालेली एका प्राचीन प्रगत संस्कृतीची पेटी, तिच्यातल्या ज्ञानावरून बांधलेला यंत्रमानव, आणि त्याला स्वतःसारखेच आणखी घडवण्याची लागलेली ओढ. थराराला याहून काय लागतं? आणि ही कादंबरी 1986 ची!

पण मला पडद्यासाठीच जन्मलेली वाटते ती त्यांची 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा. अवकाशाला पीळ पडतो, त्यातून गेलेली वस्तू आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी होऊन येते. उजव्या हाताने गोलंदाजी करणारा खेळाडू एके दिवशी डाव्या हाताने टाकू लागतो. डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो.

महडचा वरदविनायक तुमच्याच शेजारी. सोंड कुठल्या बाजूला याचा अर्थ इथल्या लेकरालाही शिकवावा लागत नाही. उजव्या सोंडेचा म्हणजे कडक, सोवळ्याचा, हे आजीने सांगितलेलं असतं. स्पिलबर्गला जनुकांसाठी व्यंगचित्र लागलं; आपल्याला इथे एक शॉट पुरे. काल देव्हाऱ्यात होती ती मूर्ती, आज सोंड दुसरीकडे. घरातली म्हातारी बाई हात जोडून मागे सरते आणि प्रेक्षागृह श्वास रोखतं. अवकाशाची भूमिती आणि घरातली भीती एकाच चौकटीत येतात. शिवाय चित्र उलटं करणं हे संकलनाच्या टेबलावरचं सगळ्यांत स्वस्त काम.

थराराला घड्याळही हवं, वेळ संपत चालल्याची जाणीव. तेही शास्त्रातच आहे. आपल्या शरीरातली प्रथिनं एका विशिष्ट वळणाच्या रेणूंची बनलेली असतात. माणूस आरशातल्यासारखा उलटला तर ताटातलं नेहमीचं अन्न त्याला नीट लागू पडणार नाही. आर्थर क्लार्कने एका कथेत ही अडचण हाताळली आहे. आपल्या चित्रपटात मग भरल्या ताटासमोर वाळत जाणारा मुलगा, आणि पोटभर वाढूनही तो का खंगतो हे न कळणारी आई. सांगा, यासाठी किती कोटी लागतील?

नारळीकरांच्या 'धूमकेतू' या कथेचंही तसंच. धडकेच्या गोष्टी हॉलिवूडनेही केल्या. 1998 साली एकापाठोपाठ दोन आल्या, 'डीप इम्पॅक्ट' आणि 'आर्मगेडन'. त्यांचा जीव स्फोटात. या कथेत मात्र धूमकेतूला वळवण्याचं काम शास्त्रज्ञ पार पाडतात, आणि घरी आल्यावर शोधकर्त्या दत्तांना कळतं की संकट यज्ञामुळे टळलं अशी पत्नीची श्रद्धा आहे. खरा हादरा त्या दिवाणखान्यात बसतो. दिवाणखाना तर आपले नाटकवाले शंभर वर्षं लावत आलेत.

म्हणजे कथा आहे, सेट लावणारे हात आहेत, नट आहेत. नाही तो मागून रेटणारा पटकथाकार, ज्याला विज्ञानही कळतं आणि देव्हाराही. तो मुंबईहून येईल याची वाट बघू नका. या सभागृहात महाविद्यालयाची बरीच मुलं-मुली बसलेली दिसतात. ग्रंथालयातून ही पुस्तकं आजच नावावर करून घ्या. चित्रपट काढायचा झाला तर हक्कांची परवानगी रीतसर घ्यावी लागेल, पण सराव म्हणून एक प्रसंग लिहायला कुणी अडवत नाही. मूर्तीची सोंड बदललेली सकाळ लिहा, फक्त चार पानं, आणि त्यात विज्ञानाचं एकही भाषण नको. लिहून झालं की संयोजकांकडे द्या. मी आलेलं प्रत्येक पान वाचेन आणि उत्तर पाठवीन.