आंत्रावरोध आणि आंत्रदाह
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात आसेगाव येथे एका सेवानिवृत्त शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, हुंडा, व्यसनमुक्ती अशा विषयांवर विद्वत्तापूर्ण व्याख्याने होतात. मी मात्र आज चारचौघांत असभ्य समजल्या जाणाऱ्या विषयावर, म्हणजे आतडी आणि शौच यांवर, बोलणार आहे. मागे बसलेल्या मुलांनी हवे तर आताच हसून घ्यावे. मी डॉक्टर नव्हे, खडू झिजविलेला मास्तर आहे. परंतु लज्जेमुळे माणसे दगावतात, हे सांगावयास वैद्यकाची पदवी लागत नाही.

आपल्या पोटात लहान आतडे सुमारे २० फूट आणि मोठे सुमारे ५ फूट लांबीचे असते. एवढ्या लांब वाटेवर कोठे तरी मार्ग बंद झाला म्हणजे त्यास आंत्रावरोध म्हणतात. पूर्वीच्या शस्त्रक्रियेनंतर आतडी एकमेकांस चिकटतात. अंतर्गळात आतड्याचा वेढा अडकून बसतो. वृद्धांत पीळ पडतो किंवा गाठ वाढते. तान्ह्या मुलांत आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरतो. मोठ्या मुलांत जंतांचा गोळा होतो. आपण संत्र्याच्या मुलखातील माणसे. म्हणून हेही सांगतो की, दात नसलेल्या माणसाने फोडी न चावता गिळल्यास त्यांच्या चोथ्याचा बोळा होऊन वाट बंद झाल्याची उदाहरणे वैद्यकात नमूद आहेत. आजोबांना संत्रे जरूर द्यावे, पण रस काढून.

आता खरा मुद्दा. पोट फुगले की आपल्या घरात प्रथम एरंडेलाची बाटली निघते. कोणी म्हणतो बेंबी सरकली, मग पोट चोळून घेतात. मेळघाटात तर तान्ह्या मुलांच्या पोटावर तापल्या लोखंडाचे डाग देण्याची प्रथा अद्याप पुरती गेलेली नाही. साध्या मलावरोधात एरंडेलाने गुण येतो, हे मी नाकारीत नाही. परंतु वाट बंद असताना जुलाब देणे म्हणजे तुंबलेल्या मोरीत वरून बादल्या ओतणे होय. आतडे जोराने आकुंचन पावते, पुढे सरकावयास जागा नसते, आणि फुगलेला भाग फाटण्याचा धोका वाढतो. पीळ पडून रक्तपुरवठा तुटला असेल तर ते आतडे काही तासांतच मरू लागते.

म्हणून पोटात लाटेसारखी कळ येत असेल, वांत्या थांबत नसतील व पुढे हिरव्या होत असतील, पोट ताठत असेल आणि शौचच नव्हे तर वारासुद्धा सरत नसेल, तर तोंडाने काही देऊ नये. वारा सरला का, हे सुनेने सासऱ्यास विचारण्यात कसली आली अमर्यादा? थेट १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा. शिधापत्रिका व आधारपत्र बरोबर घ्यावे. अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय आपणांस परिचित आहेच. २०२४ साली वाशीमलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. दवाखान्यात क्ष-किरण चित्र काढतात, नाकातून नळी घालून पोट रिकामे करतात, शिरेतून सलाईन देतात. पुष्कळदा एवढ्यानेच वाट मोकळी होते. न झाल्यास शस्त्रक्रिया. शस्त्राचे नाव काढताच घाबरणाऱ्या वडीलधाऱ्यांस सांगावे की, सुश्रुतसंहितेत बद्धगुदोदर नावाच्या याच विकारात पोट उघडून अडथळा काढण्याचा आणि पुन्हा शिवण्याचा विधी दिलेला आहे. विलायती खूळ म्हणून तो टाळता येणार नाही.

काही वेळा या अवरोधाच्या मुळाशी जुना दाह असतो. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अशा एका रोगाचे वर्णन केले. १९५६ च्या जूनमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांचे आतडे याच रोगाने बंद पडून तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली. नोव्हेंबरात ते पुन्हा निवडून आले. या दाहाचा दुसरा प्रकार मोठ्या आतड्यात व्रण पाडणारा आहे. आठवडेच्या आठवडे पातळ शौच, त्यात रक्त, रात्री उठावे लागणे, वजन उतरणे ही त्याची लक्षणे. आपल्याकडे यांस मूळव्याध किंवा संग्रहणी म्हणून वर्षानुवर्षे पुड्या देतात. शिवाय आतड्याचा क्षयही बहुधा क्रोनच्याच जागी, लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्याशी, बसतो आणि बाहेरून अगदी तसाच दिसतो. दोहोंची औषधे मात्र निराळी. एकाचे औषध दुसऱ्यास घातक ठरू शकते. तेव्हा दुर्बिणीने तपासून आतील तुकडा परीक्षेस पाठविल्याविना उपचार सुरू करण्याची घाई नको. क्षय निघालाच तर त्याची औषधे शासनाकडून विनामूल्य मिळतात.

हे दाहाचे रोग संसर्गाने होत नाहीत. औषधाने ते समूळ जात नसले, तरी ताब्यात राहतात. बरे वाटले म्हणून गोळ्या आपल्या मनाने सोडल्या की उलटतात. आपल्या समाजात मुलीचे असे दुखणे लग्न मोडेल या धाकाने झाकून ठेवतात, आणि सासरी ती लपून गोळ्या घेते किंवा घेतच नाही. जपानचे शिंझो आबे यांस किशोरवयापासून हा व्रणाचा विकार होता. त्यामुळे २००७ आणि २०२० मध्ये त्यांनी पंतप्रधानपद सोडले हे खरे. परंतु त्या देशात सर्वाधिक काळ पंतप्रधान राहिले तेही तेच. आपल्या वधू-वर सूचीच्या चालकांनी पत्रिकेबरोबर ही गोष्टही दोन्हीकडच्या मंडळींस समजावून सांगावी, अशी माझी विनंती आहे. मुलीचे तपासणीचे कागद तिच्या पेटीत उघडपणे सासरी जावेत, आणि पुढच्या तपासणीस तिच्यासोबत तिच्या नवऱ्याने जावे.