आपली मंडई
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला चार शब्द बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, मी सातवी शिकलेली, मी काय बोलणार? अध्यक्षाबाई म्हणाल्या, तुम्हांला जे रोजचे ठाऊक आहे त्यावर बोला. रोजचे म्हणजे मंडई! लग्न होऊन पुण्यात आले तेव्हापासून मी तेथूनच भाजी आणते. पण आज भाव सांगायचे नाहीत, इमारतीविषयी सांगायचे आहे.

पूर्वी पुण्याची भाजी शनिवारवाड्यापुढे उघड्यावर विकली जाई. पुढे नगरपालिकेने शुक्रवार पेठेत ही दगडी मंडई बांधली. १८८६ साली ती सुरू झाली. लॉर्ड रे हे तेव्हा मुंबईचे गव्हर्नर, म्हणून नाव पडले 'रे मार्केट'. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्याच्या भोवती पसरलेली कौलारू दालने. माडीवर पुष्कळ वर्षे नगरपालिकेची कचेरी होती. म्हणजे खाली वांगी-बटाटे आणि वर गावचा कारभार!

आता खरी गोष्ट पुढेच आहे. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात नगरपालिकेचे सभासद होते. मंडईवर एवढा पैसा घालण्यास त्यांनी विरोध केला. तो पैसा शिक्षणाकडे लावा, असे त्यांचे म्हणणे. मी हे प्रथम ऐकले तेव्हा मला नवल वाटले. माळ्याच्या घरचा माणूस, फुलांच्या धंद्यावरूनच आडनाव फुले पडलेले. १८८३ साली शेतकऱ्याच्या हालांवर 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणारा. त्याला भाजीवाल्यांची कदर नव्हती असे कसे म्हणावे? छप्पर नको असे नव्हे, आधी काय, एवढाच प्रश्न होता. हा हिशोब आपणां बायकांना कोणी शिकवायला नको. माझी सातवी झाली तेव्हा पुढची शाळा दुसऱ्या गावी होती, आणि मला तेथे ठेवायला पैसे नव्हते. त्याच वर्षी आमच्या घरावर माडी चढली. माडी चांगली आहे, अजून गळत नाही.

जोतीरावांचे कोणी ऐकले नाही. मंडई झाली आणि १८९० साली ते वारले. मग १९३८ साली आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने तिचे नाव 'महात्मा फुले मंडई' झाले. ज्यांनी नको म्हटले त्यांचेच नाव! कोणी याला थट्टा म्हणतात. मला तसे वाटत नाही. गोऱ्या साहेबापेक्षा हे नाव शंभर पटींनी बरे. आपण मात्र नुसते 'मंडई' म्हणतो, हेही खरे. २०२४ साली तेथे जमिनीखालून मेट्रो सुरू झाली, तिच्या स्थानकालाही मंडईचेच नाव आहे.

मंडईपासून चालत काही मिनिटांवर बुधवार पेठेत भिडेवाडा होता. १८४८ साली जोतीरावांनी तेथे मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिकवीत. तो वाडा मोडकळीस आला होता. २०२३ च्या डिसेंबरात तो पाडला, स्मारकासाठी. नको म्हटलेली मंडई उभी आहे आणि शाळेचा वाडा गेला. भाजी घेऊन त्या बाजूने येताना माझे पाऊल तेथे थोडे अडखळते.

आपल्या मंडळाची पुढची सहल लांब कोठे न नेता येथेच न्यावी, अशी माझी सूचना आहे. मंडईत लोकमान्यांचा पुतळा आहे, १९२४ साली मोतीलाल नेहरूंच्या हस्ते उघडलेला. त्यापाशी सर्वांनी जमावे आणि भिडेवाड्याच्या जागेपर्यंत पायी जावे. येताना शाळेत जाणाऱ्या मुलींना, नातींना बरोबर आणावे. पिशव्याही आणाव्यात.