बर्फ, तेल आणि कलेचा जमाखर्च



हवामानबदलाच्या प्रश्नाला कलावंताने कसे सामोरे जावे, याची चर्चा आज जगभरच्या कलादालनांत चालू आहे. ती समजून घेण्यास लंडनमधील एक इमारत पुरेशी आहे. थेम्सच्या दक्षिण तीरावरील बँकसाइड वीजकेंद्र खनिज तेलावर चालत असे. 1981 साली ते बंद झाले आणि 2000 साली त्याच वास्तूत ‘टेट मॉडर्न’ हे आधुनिक कलेचे संग्रहालय उघडले. जेथे पूर्वी जनित्रे धडधडत, त्या प्रचंड दालनात आता कलाकृती मांडल्या जातात.

डिसेंबर 2018 मध्ये या इमारतीबाहेर ओलाफुर एलियासन या कलावंताने बर्फाचे 24 खंड मांडले. ग्रीनलंडच्या हिमस्तरापासून तुटून खाडीत तरंगणारे हे खंड तेथून उचलून आणले होते. भूशास्त्रज्ञ मिनिक रोसिंग या कामात त्यांचे सहकारी होते. लोक बर्फावर हात ठेवीत, कान लावून आत कोंडलेल्या प्राचीन हवेचे बुडबुडे फुटताना ऐकत. दिवसागणिक बर्फ वितळत होता. हाच प्रयोग 2014 साली कोपनहेगनला आणि 2015 साली हवामान परिषदेच्या वेळी पॅरिसला झाला होता. पॅरिसच्या प्रयोगामुळे सुमारे 30 टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन झाले, हा हिशेबही आयोजकांनी प्रसिद्ध केला. असा प्रांजळपणा कारखानदारांत सहसा आढळत नाही, हे नोंदविले पाहिजे.

तथापि हात गार पडला म्हणजे प्रश्न उलगडला असे नव्हे. हा बर्फ कोणी वितळविला, हे तो बर्फ सांगत नाही. त्याच्यापुढे तेल कंपनीचा संचालक आणि रस्ता झाडणारा कामगार हे दोघे सारखेच अपराधी ठरतात. आणि दोष सर्वांचा म्हटला की तो कोणाचाच राहत नाही. आणखी 6 खंड ब्लूमबर्ग कंपनीच्या कार्यालयासमोर होते, आणि उपक्रमाला अर्थसाहाय्य त्याच धनिकाच्या धर्मादाय संस्थेचे होते, हेही सहज लक्षात ठेवण्याजोगे आहे.

खर्च कोणाचा आणि लाभ कोणाचा, हा अर्थशास्त्रातला पहिला प्रश्न. तो याच संग्रहालयात काही वर्षे आधी दुसऱ्या कलावंतांनी विचारला होता. टेटला 1990 पासून बीपी या तेल कंपनीचे साहाय्य मिळत असे. जानेवारी 2010 मध्ये टेटनेच कला आणि चळवळ या विषयावर एक कार्यशाळा भरविली. मात्र आश्रयदात्या कंपन्यांविरुद्ध काही करू नये, अशी अपेक्षा व्यक्त होताच तिच्यातून ‘लिबरेट टेट’ हा गट जन्मास आला. त्याच वर्षी 20 एप्रिलला मेक्सिकोच्या आखातात बीपीच्या तेलविहिरीवर स्फोट होऊन 11 कामगार मृत्युमुखी पडले आणि 87 दिवस समुद्रात तेल वाहत राहिले. जूनमध्ये टेटने बीपीच्या वीस वर्षांच्या आश्रयाचा सोहळा केला, तेव्हा या गटाच्या सभासदांनी त्या मेजवानीतच काकवी ओतली. वर्ष पुरे झाल्यावर टेट ब्रिटनच्या दालनात एक नग्न मनुष्य तेलासारख्या काळ्या द्रवात 87 मिनिटे पडून राहिला. जुलै 2012 मध्ये शंभराहून अधिक माणसांनी पवनचक्कीचे साडेसोळा मीटर लांबीचे पाते खांद्यावरून टेट मॉडर्नमध्ये नेऊन ठेवले आणि ते राष्ट्राला भेट दिल्याचे जाहीर केले. भेट नाकारण्यात आली. तेलावरच्या जुन्या वीजकेंद्रात वाऱ्यावर चालणाऱ्या यंत्राला जागा मिळाली नाही, यातला उपरोध इतका उघड आहे की त्यावर टीकाकाराने वेगळे काही लिहिण्याची गरज उरत नाही.

पक्षाच्या कार्यकर्त्याने मात्र यातील आकड्यांकडे पाहावे. माहितीच्या हक्काखालील लढा न्यायाधिकरणापर्यंत गेल्यावर जानेवारी 2015 मध्ये टेटला रक्कम उघड करावी लागली: 1990 ते 2006 या 17 वर्षांत सुमारे 38 लाख पौंड. म्हणजे वर्षाला सरासरी सव्वादोन लाख. एवढ्या अल्प मोलात एका बलाढ्य कंपनीला राष्ट्रीय संस्थेच्या भिंतीवर नाव आणि सुसंस्कृत समाजात मानाचे पान मिळत होते. राजाश्रय गेला, लोकाश्रय आला, आणि तो शिथिल होताच तेलाश्रय हजर झाला! कलेचा खर्च कंपन्या भागवितात म्हणून सरकारला अनुदान आखडता येते, आणि अनुदान आखडले म्हणून संस्था कंपन्यांच्या दारी जातात. हे चक्र निदर्शनांनी दिसू लागते, पण केवळ निदर्शनांनी ते थांबत नाही. त्यासाठी सार्वजनिक तिजोरीतून पैसा यावा लागतो, आणि ती मागणी राजकीय पक्षांनीच लावून धरावी लागते. या कलावंतांनी ती पुरेशा जोराने मांडली नाही.

मार्च 2016 मध्ये बीपीने टेटशी असलेला करार 2017 नंतर पुढे चालू न ठेवण्याचे जाहीर केले. धंद्याची प्रतिकूल परिस्थिती हे कारण कंपनीने दिले. निदर्शनांचा त्याच्याशी संबंध नसल्याचे सांगितले. पुढे डिसेंबर 2023 मध्ये त्याच कंपनीचा ब्रिटिश म्युझियमशी दहा वर्षांचा, 5 कोटी पौंडांचा करार प्रसिद्ध झाला. वर्षाला 50 लाख पौंड. संस्था वेगळी, काळ वेगळा, दरम्यान पौंडही स्वस्त झालेला. हे सारे वजा केले तरी टेटच्या जुन्या सव्वादोन लाखांच्या मानाने ही झेप मोठी आहे. प्रतिष्ठा विकणाऱ्या संस्था जसजशा कमी होत गेल्या, तसतसा उरलेल्यांचा भाव चढत गेला असावा.