दार कुठे काढायचे, हे कुणी ठरवायचे?

(चिखली येथे महिलांच्या सभेत केलेले भाषण)



आज मी दाराबद्दल बोलणार आहे. कायद्याची माहिती द्यायला बोलावले आणि ही बाई दार काय घेऊन बसली, असे तुम्हाला वाटेल. पण गेल्या काही महिन्यांत घरदुरुस्तीवरून झालेली दोन भांडणे माझ्यापर्यंत आली आणि दोन्ही घरांत भांडण दाराचेच होते.

पहिले घर जुने, धाब्याचे. पुढे ओसरी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर. स्वयंपाकघराचे दार नेमके सासऱ्यांच्या बाजेसमोर. रात्री संडासला उठायचे तर पदर सावरून, चाहूल लागू न देता त्यांच्या बाजेजवळून जायचे. सुनेने अठरा वर्षे अशी काढली. सोयाबीनचे पैसे आल्यावर दुरुस्ती निघाली. फरशी कोणती, रंग कोणता, यावर घरात चर्चा झाली. वास्तू पाहणाऱ्याला तर दोनदा बोलावले. तिने एकच मागितले, "हे दार चार फूट डावीकडे घ्या, म्हणजे मला परस्पर बोळीतून जाता येईल." नवरा म्हणाला, "दार हलवलं की भिंत पडते."

तिने मला बोलावले. मी समाजकार्य शिकलेली बाई, इंजिनिअर नव्हे. म्हणून तिच्यासमोरच मिस्त्रीला विचारले. त्याने सांगितलेले तुम्हीही लक्षात ठेवा. धाब्याच्या घरात छताचे वजन बऱ्याचदा लाकडी खांबांवर आणि तुळयांवर असते. मधली भिंत नुसती आडोशाची असेल तर काम सोपे. भिंतीवर वजन असेल तर आधी छताला टेकू द्यायचे, नव्या जागी वर लिंटल बसवायचे, त्याची दोन्ही टोके निदान सहा-सहा इंच भिंतीवर टेकवायची आणि ते पक्के झाल्यावरच खालची भिंत काढायची. दार अगदी कोपऱ्याला चिकटून काढायचे नाही. जुने दार बुजवताना नव्या विटा जुन्या भिंतीत गुंफायच्या, नाहीतर पुढे सांध्यावर चीर पडते. चौकट चांगली असली तर तीच चालते. म्हणजे खर्च आहे, पण भिंत पडत नाही. मिस्त्री म्हणाला, "बाईले काय पाह्यजे, हे मले कोनी सांगतलंच नाही."

दुसरे घर एका विधवा बाईचे. नवरा गेल्यावर सहा महिन्यांत दिराने 'दुरुस्ती' काढली आणि तिच्या खोलीचे माजघरात उघडणारे दार विटांनी बंद केले. चूल, मोरी, पाणी, सगळे पलीकडे राहिले. तिला कुणी मारले नाही, घराबाहेर काढले नाही. शेजारीपाजारी म्हणाले, यात हिंसा कुठली?

आहे, बायांनो. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. ज्या सोयी वापरायचा बाईला हक्क आहे त्या अडवणे, घरातला वावर रोखणे, याला हा कायदा आर्थिक छळ म्हणतो. कलम १७ प्रमाणे घर तिच्या नावावर नसले तरी तिला तिथे राहण्याचा हक्क आहे. कलम १९ खाली मॅजिस्ट्रेट तिच्या राहण्यात अडथळा आणू नका असा आदेश देऊ शकतात. अर्ज तिला स्वतःला किंवा संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करता येतो आणि पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत ठेवावी, असे कायदा सांगतो. हे सगळे वेळेवर होतेच असे मी म्हणणार नाही, कोर्टाच्या पायऱ्या मीही झिजवल्या आहेत. तिचा अर्ज दाखल झाला आहे. विटा अजून तशाच आहेत.

पहिल्या घरातल्या बाईने दाराची नवी जागा भिंतीवर कोळशाने आखून ठेवली आहे. सासरे रोज ती रेघ बघतात, बोलत नाहीत. पुसलेली मात्र नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी काम निघाले असेल तर सभेनंतर थांबा. मी कागद आणि पट्टी आणली आहे. आपल्या घराचा नकाशा आपणच काढू.