चिमटीतली विद्या

परवा आमच्या शेजारच्या साडेतीन वर्षांच्या नातीसमान मुलीबरोबर बालवर्गातून एक छापील पान घरी आले. त्यावर एका कडेला मधमाशी, दुसऱ्या कडेला फूल आणि मधोमध तुटक रेघेची नागमोडी वाट; त्या वाटेवरून पेन्सिल फिरवून पान दुसऱ्या दिवशी हजर करावे, असा हुकूम. पोरीने पेन्सिल मुसळासारखी मुठीत धरली, पहिल्याच वळणावर टोक मोडले, आणि आईने कपाळाला हात लावला.

वस्तुतः अपराध पोरीचा नव्हता. मनगटातली आठ चिमुकली हाडे जन्मसमयी निव्वळ कूर्चारूप असतात आणि एकेक करीत ती कठीण होत जाऊन अखेरचे हाड आकारास यावयास दहा-बारा वर्षांची मुदत लागते. असे असता त्या अपुऱ्या बांधकामावर आपण अक्षरांचा मजला चढवावयास निघतो. लेखणीआधी हात तयार करण्याची वाट मात्र जुनीच आहे. मारिया माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये बालगृह उघडले. त्यांच्या साधनांतील लाकडी दंडगोलांना ज्या इवल्या मुठी असत, त्या धरून दंडगोल उचलताना जुळणारी तीन बोटे तीच, जी पुढे लेखणी धरतात. ती साधने महाग. म्हणून ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांसमवेत १९४५ पासून बोर्डीस आणि पुढे कोसबाडला शिंपले, खडे, बिया यांवरच बालवाडीचा संसार मांडला.

आणि खरे पाहता, छापील पानाची कल्पना आपल्या घरांना कुठे नवी आहे? वर्तमानपत्राच्या कागदाला उदबत्तीने ओळीने भोके पाडून, तो अंगणात पसरून, वरून रांगोळी फिरवावी आणि अलगद उचलावा, की खाली ठिपक्यांची फौज उभी. मग आजीच्या शेजारी उकिडवे बसून ते ठिपके जोडताना नातीच्या अंगठ्याची व दोन बोटांची जी चिमटी होई, तिला त्या काळी कोणी शिक्षण म्हटले नाही एवढेच.

म्हणून मी त्या माउलीस सुचविले, की पेन्सिल तूर्त दप्तरात राहू द्या आणि पानावरच्या वाटेवर चिंचोके मांडू द्या. (मोठ्या माणसाने मात्र जवळून हलू नये, चिंचोका नाकात घालण्याची विद्या या वयात कोणाला शिकवावी लागत नाही.) मुलगी जिभेचे टोक बाहेर काढून अर्धा तास बसली. सरळ वाटेवर चिंचोके भराभर पडले; वळणाशी मात्र हात थबके, चिंचोका बोटांत फिरे, त्याची चपटी बाजू खाली येई, आणि मगच तो जागेवर बसे.

दुसऱ्या दिवशी पान जवळजवळ कोरेच परत गेले. मागच्या बाजूस आईने बाईंसाठी लिहिले होते: ‘काम पूर्ण झाले आहे. चिंचोके घरी ठेवून घेतले.’